स्लॅबखालची पंगत

संसार सुखाने चालला असेल तर माणसाने छताकडे बघू नये. पंखा फिरतोय एवढं कळलं की पुरे. पण राजदीपने बघितलं. नुसतं बघितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण त्याने स्टुलावर चढून, मृणालीच्या हातातलं लाटणं मागून घेऊन, छताला टकटक केली. (पोळी तव्यावर होती. ती करपली. पुढे जे घडलं त्यात त्या पोळीचा नंबर कुठेच लागत नाही.)

आता राजदीप कोण, तर धुळ्याच्या एका विमा कार्यालयात क्लेमच्या टेबलावर बसणारा सज्जन माणूस. घसरून, बुडून, शॉक लागून, उसाच्या ट्रॉलीखाली येऊन, माणूस किती तऱ्हांनी जाऊ शकतो हे त्याला तोंडपाठ होतं. दुसरा माणूस जिना उतरतो तेव्हा उतरतो. राजदीप जिना उतरायचा तेव्हा वारसदाराचं नाव आठवत उतरायचा.

तर लाटणं. स्वयंपाकघरात छत 'टण' वाजलं. बेडरूममध्ये 'टण' वाजलं. हॉलमध्ये मात्र ते 'डब' वाजलं. राजदीपने पुन्हा मारलं, जरा जोरात. छताने 'डब' म्हटलं आणि ताटाएवढा पोपडा सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात येऊन पडला. तो कोपरा राजदीपचा होता. रोज संध्याकाळी तो तिथेच बसून बातम्या बघायचा.

"अहो, तुम्ही नसता मारलं तर तो पडला नसता," मृणाली म्हणाली.

"मी तिथे बसलो असतो तर?"

"पण तुम्ही स्टुलावर होतात ना?"

या बाईला तर्क शिकवणं व्यर्थ होतं. राजदीपने वर बघितलं. पोपडा गेला तिथे गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, एखाद्या अशक्त बैलाच्या बरगड्यांसारख्या. देवपुरातली ही 'समाधान' सोसायटी, तीन मजली, चाळीस पावसाळे खाल्लेली. बांधणारा बिल्डर केव्हाच स्वर्गवासी झाला होता. (आता तो आपल्यालाही तिकडे बोलावून घेणार, अशी राजदीपची त्या क्षणी खात्री पटली.)

दुसऱ्या दिवसापासून राजदीप घरात हेल्मेट घालून वावरू लागला. चहा प्यायचा तर काच वर, प्यायला की काच खाली. दूधवाल्याने विचारलं, "साहेब, बाहेर चाललात?" राजदीप म्हणाला, "नाही, आत चाललोय."

मग कौतिक मिस्त्री आला. त्याने छन्नी-हातोडी काढली आणि जिथे जिथे 'डब' वाजलं तिथला सगळा गिलावा पाडून टाकला. दिवसभर धूळ आणि ठोकाठोक. संध्याकाळी हॉलचं निम्मं छत सोललेल्या बकऱ्यासारखं दिसत होतं. वरच्या न्हाणीघरातून वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं, त्याने सळया गंजल्या, गंजून फुगल्या आणि फुगून त्यांनी सिमेंटला बाहेर ढकललं, असं कौतिकने समजावून सांगितलं. आता तारेच्या ब्रशने गंज घासायचा, सळयांना औषधाचा रंग मारायचा, मग थरावर थर देत माल भरायचा, प्रत्येक थराला सुकू द्यायचं, पाणी मारायचं.

"म्हणजे रविवारपर्यंत होईल?" राजदीपने विचारलं.

"रविवार? साहेब, आधी वरचं न्हाणीघर दुरुस्त करा. ते गळतंय तोवर मी खाली केलेलं बठ्ठं वाया जाई."

"पण तोवर धोका?"

कौतिकने वर बघितलं, तंबाखू मळली, पुन्हा वर बघितलं. "काही भ्याव नही साहेब. बिनधास्त राहा. फक्त आठे उभं राहू नका."

एवढं बोलून तो निघून गेला. आणि 'आठे' म्हणजे इथे, पण इथे म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायचं राजदीपच्या लक्षात राहिलं नाही. त्यामुळे तो कुठेच उभा राहीना.

रविवारचं कारण असं, की वरच्या मजल्यावर हीरालाल शेठ राहायचे, आग्रा रोडवरचे भांडीवाले, आणि त्यांच्या आई सूरजबाई. सगळी सोसायटी त्यांना माँजी म्हणायची. माँजींनी पर्युषणात अठाई धरली होती. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. वय पंचाहत्तरीचं. रविवारी त्यांचं पारणं होतं आणि त्यासाठी शिरपूर, पिंपळनेर, मुक्ताईनगर, कुठून कुठून पाहुणे येणार होते. ही सगळी माणसं बसणार कशावर? तर राजदीपच्या छतावर! बसणार, गाणार आणि नाचणारसुद्धा, कारण तप पुरं झालं की बायका हौसेने नाचतात.

"तुम्ही वर जाऊन सांगा," मृणाली म्हणाली. "स्पष्ट सांगा. त्यांचाही जीव आहेच की."

सांगायला हवं होतंच. पण सांगायचं कुणाला? मृणालीला टायफॉइड झाला तेव्हा या माँजींनी दोन्ही वेळचा डबा दवाखान्यात पोचवला होता, आणि वर राजदीपला दम भरला होता, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, पेशंटसमोर नाही." त्या बाईला, सातव्या दिवशी, उपाशी पोटी, 'तुमचा सोहळा रद्द करा' म्हणून सांगायचं? राजदीपला स्लॅबची भीती वाटत होती हे खरं, पण माँजींची त्याहून जरा जास्तच वाटत होती.

तरी तो गेला. (हेल्मेट दाराबाहेर काढून ठेवलं.) माँजी पाटावर बसून माळ जपत होत्या. चेहरा सुकलेला, डोळे मात्र लख्ख. हीरालाल शेठ पाहुण्यांच्या गाद्या मोजत होते.

"शेठ, रविवारी फार माणसं येणार का?"

"साठ-सत्तर तर होतीलच, राजदीपभाऊ."

राजदीपने गाद्यांच्या ढिगाकडे बघितलं. "मला काय वाटतं, एवढी माणसं एकाच मजल्यावर नकोत."

हीरालाल शेठ थबकले. त्यांनी गादी खाली ठेवली. "काय बोललात?"

"म्हणजे, बरं नाही ते. सगळी वरच बसवणं. मला रात्रभर झोप नाही त्या काळजीने."

शेठच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माँ! ऐकलंस? मी कालपासून हेच म्हणतोय की एवढी पंगत बसवायची कुठे, आणि हा भला माणूस आपणहून आपला हॉल द्यायला आलाय!"

"नाही, शेठ, मी..."

"नाही म्हणू नका! बायका वर गातील, पुरुषांची पंगत खाली बसेल. अर्धी वर, अर्धी खाली. वा!"

माँजींनी माळ थांबवली आणि हात राजदीपच्या डोक्यावर ठेवला. आता ज्याच्या डोक्यावर असा हात पडला, त्याने त्याच डोक्यावर काय पडायची भीती आहे हे कोणत्या तोंडाने सांगावं? तो "चालेल, चालेल" म्हणत उठला आणि प्रसादाचा नारळ घेऊन खाली आला.

"काय म्हणाले?" मृणालीने विचारलं.

"पंगत आपल्याकडे आहे."

"आधी माणसं फक्त स्लॅबच्या वर होती. आता तुम्ही खालीही बसवलीत," ती म्हणाली, आणि तिने माहेरी फोन लावला.

मृणालीचे वडील अभिमन आबा, शिरपूरकडचे केळीवाले, शनिवारी सकाळी छोटा हत्ती टेम्पो भरून बांबू घेऊन हजर झाले. हेच ते बांबू जे केळीचा घड भरला की झाडाला टेकू म्हणून लावतात. आबांनी हॉलमध्ये उभं राहून (नेमके 'आठे' उभे राहून, राजदीपने डोळे मिटले) छताकडे असं बघितलं, जसं ते बागेत घडाकडे बघतात.

"जवाईबापू, कसाले भितस? आठे मी शे ना! केळना घड बी वर लटकस, स्लॅब बी वरच लटकस. टेकू लाया की काम खतम."

"आबा, घड वीस-पंचवीस किलोचा असतो."

"मनी केळ वादळमा बी पडनी नही. हाऊ स्लॅब काय पडी?"

दुपारपर्यंत हॉलमध्ये बांबूंचं रान उभं राहिलं. वरच्या टोकाला गोणपाट गुंडाळलेलं, खाली पाचरी ठोकलेल्या. सोफ्यावरून दारापर्यंत जायचं तर नागमोडी जावं लागायचं. राजदीपला जरा धीर आला. मग त्याच्या लक्षात आलं की स्लॅब आलाच, तर आता पळायलाही वाट नाही, आणि तो धीर गेला.

तेवढ्यात माँजींची नात प्रियल पंगतीची जागा बघायला आली आणि दारातच तिने टाळ्या पिटल्या. "अय्या! अंकल, तुम्ही दादीच्या पारण्यासाठी मांडव घातलात?"

सांगायची ही शेवटची संधी होती. राजदीपने तोंड उघडलंही होतं. पण आबा छाती फुगवून म्हणाले, "घातला म्हंजे? पार शिरपूरतून बांबू आणनात!" मग काय, पोरीने वरून रेशमी कापडं आणली आणि बांबूंना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. छताखाली तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी कापड ताणलं. उघड्या सळया दिसेनाशा झाल्या. राजदीपला आणखी भीती वाटू लागली. दिसत होत्या तोवर निदान त्यांच्यावर नजर तरी ठेवता येत होती.

रविवार उजाडला. जिन्यावर साड्यांची सळसळ, चपलांचा ढीग, खाली आचाऱ्याची धावपळ. माँजींनी सकाळीच आपला निश्चय सांगून टाकला होता. "आधी खालची पंगत पुरी जेवून उठेल. एकेक ताट साफ. मग मी खाली मांडवात येऊन मुगाचं पाणी तोंडाला लावीन." हीरालाल शेठ हात जोडून म्हणाले, "माँ, आठ दिवस झाले, तू आधी घे." पण माँजींचा निश्चय म्हणजे निश्चय.

खाली पंगत बसली. पिंपळनेरचे फुवाजी (म्हणजे शेठच्या आत्याचे यजमान), शिरपूरचे व्याही, दुकानाचे सोबती, सगळे बांबूंच्या मधोमध मांडी घालून. जो तो आत येताना म्हणत होता, "क्या मांडव बनाया है!" राजदीपला वाढायचं होतं, म्हणजे दाराजवळ राहता आलं असतं. पण शेठनी हाताला धरून त्याला बरोबर मध्यभागी बसवलं. "यजमान आधी!" ताटात शिरा, पुऱ्या, गट्ट्याची भाजी, काठोकाठ कढी आणि मुठीएवढा लाडू. राजदीपने पहिला घास घेतला आणि वरच्या मजल्यावर ढोलक वाजलं.

आधी गाणं झालं. मग टाळ्या. मग धम... धम... धम. बायका फेर धरून नाचायला लागल्या होत्या.

राजदीपने वर बघितलं. गुलाबी कापडाला, अगदी त्याच्या डोक्यावर, फुगवटा आला होता. सकाळी आंघोळीला गेला तेव्हा तो नव्हता. आता होता. वरच्या प्रत्येक ठेक्याबरोबर तो खाली यायचा, वर जायचा, खाली यायचा. सुटलं! गिलावा सुटून कापडात साचला, आता मागोमाग स्लॅब! ऑफिसातला क्लेमचा रकाना राजदीपच्या डोळ्यांसमोर आला, 'मृत्यूचे कारण', आणि त्यात त्याच्याच अक्षरात 'लाडू खाताना'.

"उठा!" तो किंचाळला. "पळा! हा मांडव नाही, टेकू आहेत! वरचा स्लॅब गेलाय! कुणी आत थांबू नका, आत कुणी पाऊल टाकू नका!"

आणि तो पळाला. बायकोला हाक न मारता, सासऱ्याकडे न बघता, दोन बांबूंना खांदा घासत तो थेट खाली कंपाउंडमध्ये जाऊन उभा राहिला. (त्या वेळी त्याला पायात चप्पल नव्हती आणि मनात लाज नव्हती. दोन्ही नंतर सापडल्या.)

वरचं ढोलक थांबलं. बायका भराभर जिना उतरल्या. दोघांनी माँजींना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. मृणाली आली. पंगत मात्र आली नाही.

राजदीप अर्धा जिना चढला आणि मान लांब करून दारातून बघितलं. सगळे बसलेले! सगळे जेवताहेत!

"शेठ! अहो, उठा ना!"

"उठतो, भाऊ, उठतो," हीरालाल शेठ भराभर पुरी मोडत म्हणाले. "पण ताटात टाकून कसं उठणार? उष्टं टाकणं म्हणजे पाप. दोन मिनिटं."

"जीव जाईल!"

"जीव जाईल, पण उष्टं टाकून गेला असं कुणी म्हणणार नाही."

वीस माणसं मुंडी खाली घालून मुकाट्याने जेवत होती. कापड डोलत होतं. आणि आबा हातात परात घेऊन बांबूंमधून फिरत होते! "ल्या, आजून एक लाडू ल्या! लाजू नका!" राजदीपने जिन्याच्या कठड्यावर कपाळ आपटून घेतलं. एकेकाचं आटपलं. प्रत्येकाने ताटात पाणी घेतलं, बोटाने ताट धुतलं, ते पाणी पिऊन टाकलं आणि मगच उठला. शेवटी एकटे पिंपळनेरचे फुवाजी उरले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि ताटात आबांनी वाढलेला दुसरा लाडू होता. ते तो लाडू हिरड्यांनी, शांतपणे, जणू उद्याचा दिवसही आहे अशा थाटात चघळत होते. दारातले सगळे त्यांच्या हनुवटीकडे बघत होते. राजदीपला वाटलं, आपण जाऊन तो लाडू खाऊन यावा. (वाटलं. गेला नाही.) अखेर फुवाजींनी ताट धुऊन पाणी प्यायलं, ढेकर दिला आणि विचारलं, "बाकी सगळे कुठे गेले?"

सगळे खाली कंपाउंडमध्ये जमले. स्लॅब जागच्या जागी होता. माँजी खुर्चीत बसल्या होत्या. ओठांना कोरड पडलेली.

"माँजी, माफ करा," राजदीप हात जोडून म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं. पण भीती वाटली."

"बेटा, माझं न्हाणीघर गळतंय म्हणून तुझं छत गेलं, तर भ्यायचं मी की तू? उद्याच फोडून घेऊ ते." त्या कसनुशा हसल्या. "आणि मी तर आठ दिवस उपाशी. माझ्या वजनाने तुझं काही पडणार नाही."

प्रियलने मुगाच्या पाण्याची वाटी पुढे केली. माँजींनी ती ओठांपर्यंत नेली आणि थांबल्या. "सगळी ताटं साफ झाली?"

मग फुवाजी म्हणाले, "एक राहिलंय. मधलं."

सगळ्या माना राजदीपकडे वळल्या. माँजींनी वाटी खाली ठेवली.

"मी... मी आणवून घेतो कुणाकडून तरी," राजदीप म्हणाला. "आबा, तुम्ही जरा..."

"तुम्हीच सांगनं ना, आत कोणी पाय ठेवानं नही," आबा म्हणाले. "जवाईनं बोलणं मी कसं मोडू?"

आठ दिवसांचं तप अर्ध्या ताटाशी येऊन अडलं होतं. राजदीपने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, शेवटचं बघावं तसं, आणि जिना चढला. त्याच्या मागे मृणाली, तिच्या मागे प्रियल, शेठ आणि अर्धी पंगत. सगळे दारात थांबले.

तो आत गेला. ताट उचलून बाहेर पळायचा बेत होता. पण त्याचे हात असे थरथरत होते की कढी ताटभर हिंदकळली. "सांडू नका हं!" दारातून शेठ ओरडले. "थेंब सांडला तरी ते टाकलंच!" तेव्हा राजदीप तिथेच, मधोमध, फुगवट्याखाली बसला. डाव्या हाताने त्याने एक बांबू घट्ट कवटाळला आणि उजव्या हाताने जेवायला लागला. शिरा गेला. पुऱ्या गेल्या. कढी वाटीसकट तोंडाला लावली. लाडवाचा शेवटचा तुकडा त्याने न चावताच गिळला, आणि तो घशाखाली उतरवताना बांबूला जो काही हिसका बसला, त्याने वर काहीतरी सुटलं.

फुगवटा फाटला. सगळं एकदम त्याच्यावर कोसळलं.

राजदीप ओरडला नाही. वेळच नव्हता. तो डोळे गच्च मिटून, बांबूला मिठी मारून, कोसळलेल्या ढिगाखाली निश्चल बसला. छातीवर भार वाटत नव्हता. अंग दुखत नव्हतं. म्हणजे संवेदना गेल्या होत्या. अशा केसेस त्याने हाताळल्या होत्या.

"मृणाली," तो खोल आवाजात म्हणाला, "माझी पॉलिसी कपाटात वरच्या खणात आहे. क्लेम मुदतीत टाक. अपघाती मृत्यूचा वेगळा अर्ज असतो."

मग प्रियलचा रडवेला आवाज आला. "अंकल! ती दादीवर उधळायची फुलं होती! मी सकाळी गुपचूप कापडात बांधून ठेवली होती, आणि त्याची बांबूला बांधलेली दोरी तुम्ही ओढलीत!"

राजदीपने एक डोळा उघडला. मांडीत झेंडू, खिशात झेंडू, कानात गुलाबाची पाकळी. छत वर, जसंच्या तसं. मृणाली कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. नवरा जिवंत आहे याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेही दिसत नव्हता.

"अहो, मरायचं ते नंतर मरा," ती म्हणाली. "आधी ताट धुऊन प्या. माँजी खोळंबल्यात."